वय नको, उंची सांगा: जपानमधली मुलांच्या कपड्यांची खरेदी

जपानला जायचं ठरलं तेव्हा तिकिटं आणि व्हिसा यांच्या बरोबरीने एक काम मी आवर्जून केलं: घरातल्या मुलांची मापं घेतली. लेकीला भिंतीशी ताठ उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरली आणि पेन्सिलीच्या खुणेपर्यंत टेप लावली. १०४ सेंटिमीटर. पाऊल कोऱ्या कागदावर टेकवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजलं, ते साडेसोळा भरलं. दिरांच्या मुलीचीही अशीच मापं टिपून घेतली. भावाच्या बाळासाठी वहिनीला फोन केला तर ती म्हणाली, "नऊ महिन्यांचा आहे, एक वर्षाच्या मुलाचं आण म्हणजे झालं." मी म्हटलं, "तसं नको, लांबी आणि वजन सांग." तिने लसीकरणाच्या कार्डावरून वाचून सांगितलं: ७१ सेंटिमीटर, साडेआठ किलो.

हा आग्रह मूळचा माझ्या मावसबहिणीचा. ताई कोबे आणि ओसाका यांच्या मधोमध, निशिनोमियाला राहते आणि तिचा दोन वर्षांचा मुलगा तिथल्या पाळणाघरात जातो. तिने निघण्याआधीच बजावलं होतं, "इथे दुकानात वय सांगून उपयोग नाही. सेंटिमीटर घेऊन ये."

जपानमध्ये मुलांच्या कपड्यावर जो आकडा असतो तो मुलाच्या उंचीचा. ५०, ६०, ७०, ८०, ९०, मग १००, ११० असं करत १६० पर्यंत. मध्ये ९५ हे एक माप बहुतेक ठिकाणी मिळतं, कारण त्या वयात मुलं झपाट्याने बदलतात. १००चा सदरा म्हणजे १०० सेंटिमीटर लांबीचा सदरा नव्हे, तर साधारण ९५ ते १०५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला बसणारा सदरा, आणि ही मर्यादा आतल्या चिठ्ठीवर आकड्यांत छापलेली असते. तान्ह्यांच्या कपड्यांवर सोबत वजनही बघायला मिळतं. ८० नंबर हा ढोबळमानाने एक वर्षाच्या, ११ किलोच्या आसपासच्या मुलाचा; ९० दोन वर्षांच्या मुलाचा. निशिमात्सुया, युनिक्लो यांसारखी साखळी दुकानं असोत की मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स, कुठेही जा, मोजायची पट्टी एकच.

याचं महत्त्व कळायला आपली खरेदी आठवावी लागते. लक्ष्मी रस्त्यावर एका दुकानात २०, २२, २४ असे इंचांतले नंबर, शेजारच्या दुकानात "३ ते ४ वर्षे", आणि एका कंपनीचं तीन वर्षांचं माप दुसऱ्या कंपनीच्या पाच वर्षांएवढं. मूल सोबत नसेल तर अंदाजाने घ्यायचं आणि बदलून आणायला पुन्हा जायचं. परदेशातून आणलेला कपडा बदलायला परत जाता येत नाही. म्हणून मला ही पद्धत फार मोलाची वाटली. एकाच वयाची दोन मुलं एकाच उंचीची कधी असतात? माझी लेक वर्गात उंच, दिरांची मुलगी वयाच्या मानाने चणीने लहान. वयाच्या हिशेबाने घेतलं असतं तर दोघींनाही नीट बसलं नसतं.

सासूबाईंनी निघताना नेहमीचं वाक्य सांगितलं होतं, "वाढत्या अंगाचं घे गं." तेही मला पटतं, पण सगळ्या कपड्यांना सारखं नाही. मी असं ठरवलं: वरचे सदरे, फ्रॉक, स्वेटर एक माप मोठे, विजारी, आतले कपडे आणि बूट बरोबर मापाचे. लांब बाही दुमडता येते, पण पायात अडकणारी विजार घालून घसरगुंडीवर चढणारं मूल पडतं. लेक १०४ म्हणजे १००च्या मर्यादेच्या अगदी टोकाला होती, तेव्हा तिला सगळंच ११०. बाळ ७१ सेंटिमीटरचं, पण ते कपडे त्याच्या अंगावर चढेपर्यंत महिना-दीड महिना जाणार होता, शिवाय तेव्हा ते उभं राहू लागलं असतं. त्याला ८०.

पहिली मोठी खरेदी निशिमात्सुयामध्ये केली. ही कंपनी हिमेजीची, म्हणजे त्याच भागातली, आणि तिची देशभर हजारावर दुकानं आहेत. पाटीवर ससा असतो. पर्यटक जिथे फिरतात त्या भागात ही दुकानं कमी, मोठ्या रस्त्यांच्या कडेला जास्त. आम्ही ताईच्या गाडीतून गेलो. आत शिरल्यावर वाटा इतक्या रुंद की दोन बाबागाड्या समोरासमोर आल्या तरी कुणाला थांबावं लागत नाही. कपडे घड्या घालून रचलेले नाहीत, सगळे हँगरला, दर्शनी बाजू समोर करून, पार उंचापर्यंत टांगलेले. वरचा कपडा काढायला आकडा लावलेली काठी ठेवलेली असते, ती घ्यायची आणि आपलं आपण काढायचं. मदतनीस मोजकेच, गर्दीही नाही, कुणी मागे मागे फिरत नाही. मूल काखेत, एक हात मोकळा अशा अवस्थेतल्या आईचा विचार करून हे दुकान मांडलंय, हे दहा मिनिटांत जाणवतं.

किमती ऐकून मी ताईला पुन्हा विचारलं. साधे सुती टी-शर्ट ५००-७०० येनच्या आसपास, आणि शंभर येन म्हणजे ढोबळ हिशेबाने ५५ ते ६० रुपये. पुण्यातल्या बऱ्या दुकानाच्या तुलनेत महाग नाहीत, आणि शिवण बघितली तर काही बाबतींत सरसच.

शिवण बघायला मला आईने शिकवलं. कपडा घेताना आधी उलटा करून बघायचा, हे आमच्या घरात पाठ आहे. तिथे मी प्रत्येक कपडा उलटा केला. विजारीच्या कमरेत आत इलॅस्टिकच्या पट्टीला काजं केलेली असतात आणि बाजूला एक बटण. मूल बारीक असेल तर पट्टी ओढून पुढच्या काजात अडकवायची, मूल भरलं की सैल सोडायची. छोट्या मापांच्या टी-शर्टांना खांद्यावर टिचबटणं, म्हणजे डोकं कोंबावं लागत नाही. आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायला रिकामी जागा. ती पाळणाघरासाठी. तिथे मोज्यापासून टोपीपर्यंत प्रत्येक वस्तूवर नाव लागतं, आणि ताईला मुलाचे बदलायचे कपडे रोज पिशवीत भरून द्यावे लागतात.

पाळणाघरांचा या कपड्यांवर आणखी एक प्रभाव दिसला. ताईच्या मुलाच्या पाळणाघरात टोपीवाले जॅकेट चालत नाही आणि लोंबणारी नाडी असलेला कोणताही कपडा चालत नाही. खेळताना टोपी मागून ओढली जाते, नाडी घसरगुंडीच्या फटीत किंवा दारात अडकते, आणि गळ्याशी असलेली नाडी अडकली तर जिवावर बेतू शकतं. अशा अपघातांनंतर जपानने २०१५च्या डिसेंबरात मुलांच्या कपड्यांवरच्या नाड्यांसाठी वेगळं राष्ट्रीय मानक काढलं, जेआयएस एल ४१२९. सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला डोक्याजवळ आणि गळ्याजवळ नाडी नको, असं त्यात आहे. मानक सक्तीचा कायदा नव्हे, पण दुकानात मी शोधून शोधून बघितलं, लहान मापांत गळ्याशी नाडीवाला कपडा दिसला नाही. आपल्याकडे लहान मुलींच्या झग्यांना मानेमागे लांब बंद आणि वर लटकन असतात. दिसायला गोड, पण आता मी ते लेकीला घेत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तान्ह्यांच्या कपड्यांत, आणि मला त्याबद्दलच जास्त सांगायचंय. ते कपडे आम्ही आकाचान होंपोत घेतले. हे ओसाकाचं, फक्त बाळ आणि बाळंतिणीच्या वस्तूंचं दुकान, आणि त्याच्या शाखा मॉलमध्ये सहज सापडतात. झबल्यांसारखे बाळाचे आतले कपडे पारदर्शक पाकिटांत चिकटपट्टीने बंद केलेले होते. हात लावून बघायला वर एक नमुना टांगलेला. मला पाकीट उघडून कापड चाचपायचं होतं. ताईने हात धरला आणि म्हणाली, "उघडू नकोस. ते मुद्दाम बंद ठेवतात."

कारण आहे फॉर्मल्डिहाइड. कपड्याला चुण्या पडू नयेत, तो आटू नये म्हणून जी रासायनिक प्रक्रिया करतात, तिच्यातून ते कापडात राहतं, आणि नाजूक कातडीला त्याने पुरळ, खाज सुटते. जपानमध्ये घरगुती वस्तूंमधल्या घातक द्रव्यांविषयीचा कायदा १९७३ साली झाला. त्या नियमांनुसार २४ महिन्यांखालच्या बाळांच्या कपड्यांत हे द्रव्य जवळजवळ सापडूच नये, म्हणजे दशलक्षात सुमारे १६ भाग इतकीच वरची मर्यादा. मोठ्यांच्या आतल्या कपड्यांना ही मर्यादा ७५ आहे. पण हे द्रव्य हवेतून पसरतं. शेजारी मोठ्यांचे नवे कपडे असतील, नवं लाकडी कपाट असेल, तर तिथून निघून बाळाच्या स्वच्छ कापडात शिरतं. कारखान्यात तपासून निघालेला कपडा दुकानाच्या फळीवर बिघडू शकतो, म्हणून पाकीट.

हे ऐकून मी तिथेच थबकले. आमच्याकडे बाळंतविडा तयार करताना आजीने एकच नियम घातला होता: पहिले कपडे नवे नकोत. तिच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची दुपटी, आजोबांच्या जुन्या धोतराची लंगोट आणि झबली. बारशाला नवं येतं ते येतंच, पण पहिले दिवस जुन्यात. आम्ही त्याला रीत म्हणायचो, फार तर मऊपणाचं कारण सांगायचो. फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळतं, आणि शेकडो वेळा पाण्यातून गेलेल्या लुगड्यात कसलंही खळ किंवा रसायन उरत नाही. ताईच्या सांगण्याप्रमाणे जपानी घरांतही बाळ यायच्या आधी नवे कपडे नुसत्या पाण्यातून काढून वाळवून ठेवतात. आजीला हे सगळं सांगायला मिळायला हवं होतं.

त्या झबल्यांची शिवणही वेगळी. आखूड आणि लांब अशी दोन प्रकारची, पुढून एकावर एक येणारी आणि बाजूला बंद बांधायची, अगदी आपल्या जुन्या झबल्यांसारखी, त्यामुळे बाळाला न उचलता घालता येतात. शिवणीची कड बाहेरच्या बाजूला असते, आत बाळाच्या कातडीला लागते ती सपाट बाजू. कापडाची माहिती देणारी चिठ्ठीसुद्धा बाहेरून शिवलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला कपडा उलटा घातलाय असं वाटेल. भाच्याला आता बंदाची झबली लागणार नव्हती, त्याच्यासाठी टिचबटणांची घेतली, पण बंदाची दोन पाकिटं मी तरीही घेतली. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचे दिवस भरत आले होते.

कोबेला एक अख्खा दिवस दिला, आणि तो नुसत्या खरेदीसाठी नव्हता. मुलांच्या कपड्यांच्या बाबतीत हा सगळा पट्टाच जुना जाणता. निशिमात्सुया हिमेजीचं, मिकी हाउस ओसाकाजवळच्या याओचं, आणि कोबेचं फॅमिलिअर. फॅमिलिअरची गोष्ट मला फार भावली. दुसऱ्या महायुद्धात कोबे बाँबहल्ल्यांनी होरपळलं होतं. १९४८ साली बान्नो आत्सुको आणि तिच्या मैत्रिणींनी तिथल्या एका बुटांच्या दुकानातला कोपरा घेऊन हाताने शिवलेल्या बाळांच्या वस्तू विकायला सुरुवात केली. चौघी जणी, संसार सांभाळणाऱ्या. १९५० मध्ये त्यांनी रीतसर कंपनी काढली. आज जुन्या परदेशी वसाहतीच्या भागात त्यांचं मोठं दुकान आहे. किमती माझ्या आवाक्याबाहेरच्या, तरी तासभर मी तिथले कपडे पाहत राहिले. एका छोट्या फ्रॉकवरचं चौकटीचं कापड बाजूच्या शिवणीवर इतकं जुळवलेलं होतं की जोड कुठे आहे ते शोधावं लागलं. दिरांच्या मुलीसाठी तिथून एक भरतकामाचा रुमाल घेतला.

आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो. १५ नोव्हेंबरच्या आसपास जपानी घरांत तीन आणि सात वर्षांच्या मुली, पाच वर्षांचे मुलगे यांना नटवून देवदर्शनाला नेतात. सान्नोमिया स्टेशनजवळच्या इकुता देवस्थानात अशी कितीतरी मुलं किमोनोत दिसली. ताईने लेकीएवढ्या एका मुलीकडे बघायला सांगितलं: खांद्यावर एकेक आडवी दुमड शिवलेली, कमरेवर दुसरी. मूल वाढलं की टाके उसवून कपडा मोठा करतात, आणि तोच किमोनो तीन वर्षांच्या वयापासून सातव्या वर्षापर्यंत चालवता येतो. माझ्या लहानपणी आईने परकराच्या खालच्या घेरात अशाच टका घातल्या होत्या आणि दर दिवाळीला एकेक उसवली होती. आत माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, न ठेवता शिवणाऱ्या शिंप्याकडे ती दुसऱ्यांदा जात नसे. आजच्या तयार कपड्यांत ही माया उरलेली नाही, म्हणून तर मापाचा एवढा विचार करावा लागतो.

बूटही कोबेतच घेतले. आसिक्स या बुटांच्या कंपनीचं मूळ याच गावात, १९४९ सालचं. मुलांच्या बुटांचं माप सेंटिमीटरमध्ये, अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने वाढणारं, आणि दुकानात पाऊल मोजायची पाटी असते. कागदावरचं साडेसोळा तिथेही साडेसोळाच निघालं. विक्रेतीने गुडघे टेकून बसत लेकीची टाच मागे नीट टेकवली, मग पुढे अंगठ्याशी किती जागा उरते ते दाबून पाहिलं आणि १७चा जोड आणला. चिकटपट्टीच्या बंदाचा, कारण जपानी मुलाला दिवसातून कितीदा तरी बूट काढावे-घालावे लागतात. नाही तरी आपल्याही मुलांना लागतातच.

थंडीच्या जॅकेटवर मात्र नवे पैसे घालायचे नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. पुण्यात ते कितीसं वापरलं जाणार? ताईने सेकंड स्ट्रीट या जुन्या कपड्यांच्या साखळी दुकानात नेलं. तिथेही मुलांचा विभाग उंचीच्या मापाने लावलेला. ११०चं निळं, पिसांचं जॅकेट, एकही डाग नाही, चेन सुरळीत, नव्याच्या मानाने किंमत अगदी थोडी. लेकीने स्वतः निवडलं आणि निघेपर्यंत अंगावरून काढलं नाही. निघताना ते ताईच्या शेजारणीच्या मुलीसाठी ठेवून आलो. आत घालायचे पातळ गरम कपडे मात्र नवे घेतले. ते महाबळेश्वरला, माथेरानला उपयोगी पडतात आणि बॅगेत जागा खात नाहीत.

चिठ्ठी वाचता येणं फार गरजेचं आहे. कापडाची माहिती जपानीतच असते, फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचता येते, पण दर कपड्यामागे फोन काढणं त्रासाचं. मी कापसाचं चित्राक्षर तेवढं ताईकडून तळहातावर लिहून घेतलं आणि त्यापुढे १०० हा आकडा शोधत गेले. धुण्याच्या खुणा जपानने डिसेंबर २०१६ पासून आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या केल्या आहेत, त्यामुळे आपल्या कपड्यांवरच्या खुणा ओळखणाऱ्याला त्याही कळतात. कपडा घालून बघायच्या खोलीत जाताना बूट बाहेर काढायचे. पिशवीचे पैसे वेगळे पडतात, तेव्हा घरून कापडी पिशव्या नेलेल्या बऱ्या.

कराचं थोडं सविस्तर सांगते. कपड्यांवर १० टक्के उपभोग कर असतो आणि एप्रिल २०२१ पासून किमतीच्या चिठ्ठीवर करासकट रक्कम दाखवावीच लागते. त्याच्या शेजारी कर वगळून लहान रक्कमही अनेकदा छापलेली असते, घाईत तीच खरी वाटते. थोड्या काळासाठी आलेल्या पर्यटकाला एका दुकानात एका दिवसात, कर वगळून ५,००० येन किंवा अधिक खरेदीवर या करातून माफी मिळते. आम्ही गेलो तेव्हा पासपोर्ट दाखवला की गल्ल्यावरच कर वजा होत होता. पासपोर्ट मूळ हवा, फोटो चालत नाही, आणि ज्याचा पासपोर्ट त्यानेच पैसे द्यायचे. ताई तिथली रहिवासी, तिला ही सवलत नाही, म्हणून ज्या दुकानांत करमाफीचा फलक होता तिथे आमच्या मुलांचे कपडे मीच एकत्र घेतले आणि छोट्या छोट्या खरेद्या एका दिवशी एका दुकानात आणल्या.

१ नोव्हेंबर २०२६ पासून ही पद्धत बदलते. दुकानात करासकट पूर्ण पैसे भरायचे, देश सोडताना विमानतळावर कस्टम्सची नोंद करायची आणि मग कर परत मिळायचा. त्यानंतर जाणाऱ्यांनी खरेदीपासून ९० दिवसांच्या आत ही नोंद होईल असं पाहावं, विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावं, आणि मुलांचे कपडे मोठ्या बॅगेच्या तळाशी न टाकता वरच्या थरात ठेवावेत, म्हणजे कुणी दाखवायला सांगितलं तर रांगेत सगळी बॅग उसकटावी लागणार नाही.